दहा मिनिटांचा उपग्रह

१९७१ साली अर्जेंटिनाच्या आकाशात फ्रेंच शास्त्रज्ञांनी फुगे सोडायला सुरुवात केली. काही महिन्यांत सुमारे पाचशे फुगे वर गेले. ते बारा किलोमीटर उंचीवर स्थिरावत आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर दक्षिण गोलार्धाला वळसा घालायला निघत. त्या गोलार्धात जमीन थोडी आणि समुद्र अफाट, त्यामुळे हवामानकेंद्रे अगदी विरळ होती. वरचा वारा कुठून कुठे जातो हे कळायला कुणीतरी त्या वाऱ्यात जाऊन राहणे भाग होते. प्रत्येक फुग्याला हवेचा दाब आणि तापमान मोजणारे एक हलके यंत्र टांगलेले होते. ते मोजमाप ऐकायला १६ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेतल्या वॉलॉप्स बेटावरून एओल नावाचा लहानसा उपग्रह सोडण्यात आला. प्रकल्पाचे प्रमुख होते पिएर मोरेल.

एओलची पद्धत शाळेतल्या हजेरीची होती. उपग्रह वरून जाताना एकेका फुग्याला त्याच्या क्रमांकाने हाक मारी, फुगा उत्तर देई, आणि त्या उत्तरावरून त्याचे अंतर व वेग काढला जाई. फुगा विमानांच्या वाटेत शिरला तर तो फोडता यावा म्हणून आत एक स्फोटक ठेवलेले होते. एके दिवशी माहिती मागणाऱ्या आज्ञेच्या जागी फुटण्याची आज्ञा वर गेली. उपग्रहाने ती इमानेइतबारे पुढे पोचवली आणि हवेत तरंगणारे सत्तरेक फुगे फुटले. संगणकाच्या चुकांचा इतिहास लिहिणारे ही गोष्ट आजही सांगतात. पण उरलेल्या फुग्यांनी दक्षिण गोलार्धातल्या वरच्या वाऱ्यांचा जो नकाशा दिला, तसा तोवर कुणाकडेही नव्हता, हेही तितक्याच आवर्जून सांगायला हवे.

शेतातला ओलावा मोजणारी काडी, समुद्रातली बोय, मालाचा कंटेनर, जंगलातले जनावर अशा हजारो, लाखो लहान यंत्रांना पृथ्वीजवळून फिरणाऱ्या उपग्रहांनी जोडायचे, या उद्योगाचा आज बराच बोलबाला आहे. त्याला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’चे नाव मिळाले ते अलीकडे. त्याचे मूळ मात्र या फुग्यांपर्यंत जाते, आणि खरे तर त्याच्याही चौदा वर्षे मागे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला. अमेरिकेत मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख हे दोन तरुण त्याची बीप-बीप रेडिओवर ऐकत बसले होते. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढते आणि पुढे गेली की उतरते, तशीच स्पुटनिकची वारंवारता बदलत होती. या एका चढउतारावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढून दाखवली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा आधीच ठाऊक असेल तर ऐकणारा कुठे बसला आहे हे काढता येईल का? आले. त्यातून ट्रान्झिट ही पाणबुड्यांना वाट दाखवणारी उपग्रहमालिका उभी राहिली. हेच गणित आणखी एकदा उलटवले, म्हणजे जमिनीवरचे यंत्र बोलते आहे आणि वरून धावणारा उपग्रह ऐकतो आहे असे मानले, की ते यंत्र पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहे हे कळते. यंत्राला स्वतःचा पत्ता ठाऊक असण्याची गरजच उरत नाही.

यंत्रांचा ठावठिकाणा उपग्रहावरून काढण्याचा प्रयोग नासाच्या निंबस-३ या हवामान उपग्रहावर १९६९ मध्ये झाला. १९७० साली वायोमिंगमधल्या एल्क हरणांपैकी एका मादीच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधण्यात आला. तिचे नाव मोनिक, आणि पट्ट्याचे वजन दहा किलोंहून अधिक. क्रेगहेड बंधू या नामांकित वन्यजीव अभ्यासकांचा तो खटाटोप होता. एवढे ओझे एल्कसारखा दांडगा प्राणीच पेलू शकत होता. वजनाचे एक मोठे कारण असे की निंबस-३ सुद्धा हजेरीच घेत होता. हाक ऐकायची तर यंत्रात रेडिओ-ग्राहक हवा, तो सतत जागा हवा, आणि त्याला पोसायला मोठी बॅटरी हवी.

या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप माझ्या मते जून १९७५ मधल्या निंबस-६ ची आहे, आणि ती फारशी कुणाच्या ध्यानात नाही. या उपग्रहाने हाक मारणे सोडून दिले. खालच्या यंत्रांनी दर मिनिटाला, आपल्या सवडीने, सेकंदभर बोलावे. वर कुणी आहे की नाही याची चौकशी करू नये. उपग्रह वरून जात असेल तर ऐकेल, नसेल तर तो शब्द वाऱ्यावर जाईल. दोन यंत्रे एकाच क्षणी बोलली तर गोंधळ होणारच. पण प्रत्येक जण साठ सेकंदांतले एकच सेकंद बोलत असेल, आणि उपग्रहाच्या धावेमुळे ज्याची त्याची वारंवारता किंचित वेगळी ऐकू येत असेल, तर बहुतेक आवाज सुटे राहतात. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये अलोहा नावाचे संगणकजाळे याच बेशिस्तीवर चालवून दाखवले होते, आणि अशा गर्दीत वाहिनीचा जेमतेम अठरा टक्के वेळ कामी येतो हे गणितही त्यांनी मांडले होते. अठरा टक्के ऐकून कुणी नाक मुरडेल. पण त्या बदल्यात खालच्या यंत्रातला ग्राहक गेला, घड्याळाची शिस्त गेली, बॅटरी लहान झाली. सारा भार वरच्या एका उपग्रहाने उचलला आणि खालची हजारो यंत्रे हलकी झाली. आजचे नवे उपग्रहजाळे बांधणारे इंजिनिअरही हीच वजाबाकी करत बसलेले असतात.

१९७८ च्या वसंतात जपानचे नाओमी उएमुरा कुत्र्यांच्या घसरगाडीवरून एकटे उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या गाडीवर निंबस-६ शी बोलणारा ट्रान्समीटर होता. ते रोज कुठवर पोचले हे नासाला कळत होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला टायरोस-एन हा अमेरिकन हवामान उपग्रह फ्रान्सने बनवलेले आर्गोस नावाचे उपकरण घेऊन वर गेला. फ्रान्सची अंतराळसंस्था, नासा आणि अमेरिकेची हवामानसंस्था नोआ यांचा हा भागीदारीचा संसार. तो आजतागायत चालू आहे.

आर्गोसचे नियम कडक होते. यंत्राने ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, एक सेकंदापेक्षा कमी वेळ बोलायचे, आणि एका खेपेला जास्तीत जास्त ३२ बाइट पाठवायचे. बत्तीस बाइट म्हणजे किती? संगणकाच्या आजच्या प्रचलित लिपीपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते. ‘वेळासचा किनारा’ एवढे दोन शब्दसुद्धा त्यात मावत नाहीत. उपग्रह साडेआठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवावरून ध्रुवाकडे धावतो, शंभरेक मिनिटांत फेरी पुरी करतो, आणि एका जागेवरून साधारण दहा मिनिटे दिसतो. ध्रुवांजवळ तो प्रत्येक फेरीत भेटतो, विषुववृत्ताजवळ मात्र दिवसातून तीन-चार वेळाच. म्हणजे आपल्याकडच्या यंत्रांनी दिवसाचा बहुतेक वेळ मोकळ्या आकाशाशीच बोलायचे.

एवढ्या तुटपुंज्या बोलण्यातून काय काय कळले, ते पाहून मन भरून येते. १९८९ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या क्रोझे बेटांवर पिएर जुव्हँतँ आणि आंरी वायमेर्सकिर्श यांनी वाँडरिंग अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. घरट्यातल्या जोडीदाराला सोडून अन्न आणायला गेलेला पक्षी एकाच फेरीत साडेतीन हजारांपासून पंधरा हजार किलोमीटरपर्यंत उडून परत येतो, हे पुढच्या वर्षी जगाला कळले. शेकडो वर्षे खलाशी हा पक्षी पाहत आले होते. तो जातो कुठे, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नव्हते. सागरात खोल बुडी मारून दहा दिवसांनी वर येणारे तरंगते मापक सुरुवातीला याच उपग्रहांवर विसंबून होते. सगळी माहिती नीट पोचावी म्हणून त्यांना तासन्‌तास पृष्ठभागावर पडून तेच ते पुन्हा सांगावे लागे.

आणि याच गणिताने माणसांचे जीवही वाचू लागले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी कोस्पास-सारसॅट हा करार केला: संकटातल्या विमानाचा किंवा जहाजाचा टाहो ज्याच्या उपग्रहाला ऐकू येईल त्याने तो सर्वांना कळवायचा. पहिला सोव्हिएत उपग्रह ३० जून १९८२ ला वर गेला. तो अजून चाचणीतच होता. तरी १० सप्टेंबरला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या लहान विमानातली तीन माणसे त्याने ऐकलेल्या संकेतावरून सापडली. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या देशांनी हे केले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी असे मला वाटते.

भारत आर्गोसच्या जाळ्यात केवळ प्रेक्षक म्हणून राहिला नाही. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी२० ने सरल हा भारत-फ्रान्सचा संयुक्त उपग्रह सोडला, त्यावर आर्गोसचे उपकरण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे, सूर्यप्रकाशावर चालणारे ट्रान्समीटर बसवले गेले. त्यांची नावे नागा, पांगती आणि वोखा. आदल्या वर्षी तिथेच हे पक्षी जाळी लावून हजारोंनी मारले गेले होते. बातम्या आल्या, गावोगाव सभा झाल्या आणि २०१३ मध्ये ती कत्तल थांबली. ज्या पांगती गावाचे नाव शिकारीसाठी गाजले होते, तेच आता एका पक्ष्याचे नाव होऊन नकाशावर सरकू लागले. बंगालचा उपसागर, दख्खनचा द्वीपकल्प आणि मग सारा अरबी समुद्र पार करून पक्षी न थांबता आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. हिवाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याच्या माळांवर हे ससाणे पाहणाऱ्या आपल्याकडच्या पक्षीमित्रांना त्यांचा पुढचा रस्ता आता आखलेला दिसत होता.

कोकणची कथा याच धाग्यातली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह २००२ पासून उभे केले. पिल्ले समुद्रात जात होती, माद्या अंडी घालून जात होत्या, पण जात होत्या कुठे? २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवण्यात आला. कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा उपक्रम. तिचे नाव प्रथमा. पाठोपाठ सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी समुद्रात गेल्या.

कासवाचे प्रकरण पक्ष्यापेक्षा अवघड असते. खाऱ्या पाण्याखाली रेडिओ लहरी पोचत नाहीत. म्हणून ट्रान्समीटर बुडालेला असताना गप्प राहतो, आणि कासव श्वास घ्यायला वर आले की पाण्याबाहेर निघाल्याचे ओळखून लगेच बोलतो. श्वासाचे ते काही क्षण आणि उपग्रहाची ती दहा मिनिटे एकत्र यावी लागतात. तेव्हा कुठे नकाशावर एक ठिपका उमटतो. अशा ठिपक्याठिपक्यांनी २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेकडे सरकत गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवे आपल्याच समुद्रात राहतात असे गृहीत धरणाऱ्यांना तिने निरुत्तर केले.

व्यापाराने या क्षेत्रात पाऊल टाकले ते नव्वदच्या दशकात. ऑर्बिटल सायन्सेस या अमेरिकन कंपनीने ऑर्बकॉम काढली. एप्रिल १९९५ मध्ये विमानाच्या पोटाखालून सोडलेल्या पेगासस रॉकेटने तिचे पहिले दोन उपग्रह कक्षेत नेले. प्रत्येकाचे वजन चाळीसेक किलो. त्यांना आवाज नको होता, चित्र नको होते. ट्रक कुठे आहे, टाकीत तेल किती, बुलडोझर किती तास चालला, एवढे त्रोटक निरोप पुरे होते. कल्पना अगदी नेमकी होती. पण उपग्रह आधी उभारावे लागतात आणि ग्राहक एकेक करून येतात, त्यामुळे मधल्या काळात व्याज थांबत नाही. सप्टेंबर २००० मध्ये ऑर्बकॉमने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या वर्षभर आधी इरिडियमही त्याच वाटेने गेली होती. कुठूनही फोन करता यावा म्हणून सहासष्ट उपग्रहांवर पाच अब्ज डॉलर ओतलेली ती कंपनी अडीच कोटी डॉलरमध्ये विकली गेली.

दोघीही पुढे तगल्या. इरिडियमला तारणाऱ्यांत माणसांच्या संभाषणापेक्षा यंत्रांच्या त्रोटक निरोपांचा वाटा वाढत गेला, आणि आज तिच्या ग्राहकांत यंत्रेच बहुसंख्य आहेत. पूर्वी तासन्‌तास लाटांवर पडून राहणारे सागरी मापक तिच्यामुळे काही मिनिटांत निरोप देऊन पुन्हा बुडी मारू लागले. श्रीमंत व्यावसायिकांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आकाश शेवटी बोयांच्या, टाक्यांच्या आणि कंटेनरच्या कामी आले.

मग आला लहान उपग्रहांचा काळ, आणि त्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग आपल्या भूमीवरून घडला. स्वार्म टेक्नॉलॉजीज ही कंपनी सारा स्पँजेलो आणि बेंजामिन लाँगमियर यांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात काढली. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर जाड असे उपग्रह त्यांनी बनवले, नाव स्पेसबी. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, डिसेंबर २०१७ मध्ये परवाना नाकारला. एवढी चपटी वस्तू जमिनीवरच्या रडारांना खात्रीने दिसणार नाही, आणि जी दिसत नाही तिला चुकवायचे कसे, हा त्यांचा मुद्दा होता. तो पोकळ नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये सैबेरियावर इरिडियमचा एक चालू उपग्रह आणि रशियाचा एक निकामी उपग्रह एकमेकांवर आदळले होते; त्यांचे हजारो तुकडे झाले.

नकाराला महिना झाला आणि १२ जानेवारी २०१८ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी४० झेपावले. इस्रोसाठी तो दिवस फार मोलाचा होता. आधीच्या ऑगस्टमध्ये पीएसएलव्हीचे उष्णतारोधक कवच वेगळे न झाल्याने एक दिशादर्शक उपग्रह वाया गेला होता, आणि हे त्यानंतरचे पहिले उड्डाण होते. एकतीस उपग्रह, त्यांतले अठ्ठावीस परदेशी. त्या अठ्ठावीसांत चार स्पेसबी होते. ही गोष्ट मार्चमध्ये उघड झाली आणि वर्षअखेर स्वार्मला नऊ लाख डॉलर भरावे लागले. पुढे स्पेसबी रडारला दिसतात असेही आढळून आले. तरीही माझे मत एफसीसीच्या बाजूने आहे. विचारून ‘नाही’ ऐकल्यावर परस्पर सोडणे हा आकाश वापरणाऱ्या बाकी सगळ्यांवरचा अन्याय होता.

स्वार्मने नंतर रीतसर परवाने घेतले, दीडशे उपग्रहांची मान्यता मिळवली, आणि महिना पाच डॉलरमध्ये साडेसातशे निरोप देऊ केले, प्रत्येकी १९२ बाइटपर्यंत. शेतकऱ्याला परवडेल अशी ही किंमत पाहून अनेकांना खरोखर आशा वाटली, मलाही. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पेसएक्सने कंपनी विकत घेतली, आणि २०२३ मध्ये नव्या यंत्रांची विक्री थांबवली. स्पेसएक्सचे लक्ष थेट मोबाइल फोनशी बोलणाऱ्या मोठ्या उपग्रहांकडे वळले होते. मोबाइल जगाच्या तांत्रिक मानकांतही २०२२ पासून उपग्रहाची सोय आली, त्यामुळे साध्या सिमकार्डाच्या यंत्राने उद्या थेट आकाशाशी बोलावे हे आता स्वप्न राहिलेले नाही. पण ज्यांनी विहिरीवर, कुंपणावर स्वार्मचे मोडेम बसवले होते त्यांना नवी सोय शोधावी लागली. जनावरांचा माग काढणारा जर्मनी-रशियाचा इकारस प्रकल्प तर आणखी वेगळ्या कारणाने थांबला. त्याचा अँटेना आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या रशियन भागावर होता, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर ते सहकार्यच संपले.

आर्गोसची वाटचाल याहून संथ. नोआ-१५ हा उपग्रह मे १९९८ मध्ये आर्गोसचे उपकरण घेऊन वर गेला, इरिडियमची सेवा सुरू व्हायच्या काही महिने आधी. मधल्या काळात कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, नावे बदलली. नोआ-१५ सत्तावीस वर्षे फिरत राहिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाला. त्याच्या पिढीचे उरलेले दोघे, नोआ-१८ आणि नोआ-१९, त्याच उन्हाळ्यात बंद करण्यात आले. त्याआधीच किनेइस या फ्रेंच कंपनीने तीसेक किलोंचे पंचवीस उपग्रह न्यूझीलंडमधल्या माहिया द्वीपकल्पावरून पाच खेपांत पाठवून दिले होते, पहिली खेप जून २०२४ ची आणि शेवटची मार्च २०२५ ची. जुन्या आर्गोस ट्रान्समीटरचे बोलणेही त्यांना कळते, म्हणून खालच्या यंत्रांना बदलावे लागले नाही, आणि वरची फेरी आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर येते. एवढे लहान उपग्रह सत्तावीस वर्षे टिकणार नाहीत. काही वर्षांनी त्यांच्या जागी नवे पाठवावे लागतील, आणि तो खर्च ट्रक व कंटेनर चालवणाऱ्यांच्या वर्गणीतून निघेल या हिशेबावर कासवांचे आणि ससाण्यांचे नकाशे आता अवलंबून आहेत.